सुभेदारांचं पित्त

लालासाहेब घार्गे सैन्यातून सुभेदार होऊन घरी आले त्याला चौदा वर्षं झाली होती, आणि छातीतली झडप बदलून सहा. झडप बदलली तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी त्यांना दोन आज्ञा दिल्या. पहिली अशी, की रक्त पातळ ठेवायची गोळी रोज संध्याकाळी सातला घ्यायची, जन्मभर. दुसरी अशी, की विचारल्याशिवाय दुसरी कसलीही गोळी घ्यायची नाही. झडप धातूची, तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ही गोळी. पण ही गोळी मोठी तऱ्हेवाईक, दुसऱ्या औषधाशी तिचं जमेलच असं नाही, हे डॉक्टरांनी समजावूनही सांगितलं. लालासाहेबांनी ते समजावणं कानाआड केलं आणि आज्ञा तेवढ्या लक्षात ठेवल्या.

सहा वर्षांत एकही गोळी चुकली नाही. भावकीतलं लग्न असो की मयत, सात वाजले की सुभेदार चार पावलं बाजूला होत, खिशातली डबी काढत, उभ्यानं गोळी गिळत आणि पुन्हा माणसांत येऊन बसत. महिन्यातून एकदा तासगावला जाऊन रक्त देत. आयएनआर म्हणून एक आकडा येतो, रक्त किती पातळ आहे ते सांगणारा. त्यांचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवा होता, आणि त्याची काय बिशाद होती न राहायची. डोकं दुखलं तर सुभेदार बामसुद्धा मिरजेला फोन करून विचारून लावत.

अशा माणसाला मार्च महिन्यात पित्त झालं.

मार्च म्हणजे बेदाण्याचे दिवस. तासगावहून विट्याकडं जाताना सहा किलोमीटरवर त्यांचं गाव, आणि गावाबाहेर दोन एकर द्राक्षाच्या कडेला जाळ्यांचं शेड. द्राक्षं जाळीवर पसरली की सुभेदार शेडमधून हलत नसत. जेवण दुपारी तीनला, रात्रीचं साडेनऊला, मध्ये सात-आठ वेळा चहा, आणि जेवल्या जेवल्या पोत्यावर आडवं होणं. आठवड्याभरात छातीच्या खळगीत जळायला लागलं. आंबट पाणी घशाशी येऊ लागलं. रात्री ते उठून बसत आणि बसल्या बसल्या झोपत.

पित्त झालं म्हटल्यावर गावात औषधाला तोटा नसतो. कुणी थंड दूध सांगितलं, कुणी खायचा सोडा. ज्येष्ठमधाची काडी घेऊन एक चुलती स्वतः आली. शेडमध्ये बेदाणा निवडणाऱ्या बायांनी मिळून सात उपाय सांगितले, त्यातले दोन एकमेकांच्या उलट होते. सुभेदारांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि प्रत्येकाला एकच उत्तर दिलं.

"इचारावं लागंल."

त्यांनी मिरजेला फोन केला. डॉक्टर परदेशात गेले होते, पंधरा दिवसांनी यायचे होते. फोनवरची मुलगी म्हणाली, "दुसरे डॉक्टर आहेत ना, त्यांना देऊ का? नाहीतर उद्या येऊन दाखवून जा." सुभेदारांनी विचारलं, दुसरे डॉक्टर वयानं केवढे. ती म्हणाली, असतील तीस-बत्तीस. सुभेदार म्हणाले, राहू द्या. ज्युनियरकडून ऑर्डर घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं, रक्त पातळ असो की घट्ट.

तासगावात एसटी स्टँडसमोर औषधाचं दुकान होतं, तिथं राजेश्वरी बसायची. औषधांचं शिक्षण घेऊन वडिलांच्या माघारी तिनं दुकान चालवायला घेतलं होतं. तिला विचारता आलं असतं. पण सुभेदारांच्या मते ती फार प्रश्न विचारायची. वडील गोळ्या कागदात गुंडाळून हातावर ठेवत आणि पावसापाण्याचं बोलत. ही गोळ्या हातात धरून विचारायची, "काका, रक्त तपासलं का? आकडा किती आला? दुसरं काही चालू आहे का?" दुकानदारानं गिऱ्हाइकाची तपासणी घ्यावी हे सुभेदारांना पटत नव्हतं.

त्यातच गावची जत्रा आली आणि जत्रेला मेव्हणा आला.

मेव्हणा म्हणजे सुभेदारांच्या बायकोचा, साळूबाईचा, धाकटा भाऊ नाथाजी. विट्याकडची निम्मी माणसं जशी सोनं गाळायच्या धंद्यात मुलखाबाहेर गेली तसा नाथाजी तीस वर्षांपूर्वी कोइमतूरला गेला. तिथं त्याचं गलाईचं दुकान होतं. त्याचा मुलगा पप्पू आणखी पुढं, अमेरिकेला गेला. त्यामुळं नाथाजीच्या बॅगेतून नेहमी अशा वस्तू निघत ज्या गावात कुणी पाहिलेल्या नसत.

जत्रेचं मटण झालं. सुभेदारांनी दोन वाट्या रस्सा घेतला, तासाभरानं छातीवर हात ठेवून ओट्यावर बसले आणि कुणाशी बोलेनात.

"दाजी, काय हुतंय?" नाथाजीनं विचारलं.

"पित्त."

"मग घ्या की कायतरी."

"इचारल्याशिवाय घ्यायचं न्हाई म्हणून सांगितलंय डाक्टरनं."

"मग मला इचारा," नाथाजी म्हणाला.

सुभेदार विचारात पडले. डॉक्टरांनी 'विचारल्याशिवाय' असं म्हटलं होतं. कोणाला, ते म्हटलं नव्हतं. अर्थ उघड होता, हे त्यांनाही कळत होतं. पण छातीत जळत असताना माणूस शब्दाला धरतो, अर्थाला धरत नाही.

नाथाजीनं बॅगेतून एक निळा डबा काढला. त्यावर इंग्रजी अक्षरं होती, मोठी थोडी आणि बारीक पुष्कळ. आत चंदेरी कागदात दोन-दोन पांढऱ्या चकत्या. त्यानं पेलाभर पाणी मागवलं आणि दोन चकत्या सोडल्या. पाणी उसळलं. चकत्या नाचल्या, वर आल्या, झिजल्या आणि दिसेनाशा झाल्या. साळूबाई पदर तोंडाला लावून बघत राहिली.

"हे बगा दाजी. अमेरिकेत हे किराणा दुकानात मिळतंय, बिस्किटाच्या शेजारी. डाक्टरची चिठ्ठी लागत न्हाई. अपाय असता तर सरकारनं असं उघड्यावर ठिवलं असतं व्हय? मी सा म्हयनं घेतोय."

"पण गोळी हाय ना ही?" सुभेदारांनी विचारलं.

"कुठं हाय गोळी? दाखवा."

सुभेदारांनी पेल्यात पाहिलं. गोळी नव्हती. पाणी होतं, आणि त्यातून बुडबुडे येत होते. ते सरबताच्या जातीचं काहीतरी होतं. सरबताबद्दल आज्ञा नव्हती.

त्यांनी ते उभ्यानं पिऊन टाकलं. दहा मिनिटांनी त्यांना असा ढेकर आला की दारातलं कुत्रं उठून दुसरीकडं जाऊन बसलं. पंधरा मिनिटांनी जळजळ गेली. त्या रात्री तीन आठवड्यांत पहिल्यांदा सुभेदार आडवे होऊन झोपले.

नाथाजी जाताना डबा ठेवून गेला.

दुसऱ्या दिवसापासून सुभेदारांनी शिस्त लावली. दुपारच्या जेवणानंतर दोन चकत्या, रात्रीच्या जेवणानंतर दोन. सात वाजताची गोळी आपल्या जागी, तिच्यात तसूभर फरक नाही. जळजळ नाही म्हटल्यावर पथ्यही नाही. मिरचीचा ठेचा परत आला, रात्रीच्या जेवणाला दहा वाजू लागले. साळूबाई म्हणाली, "आवं, जरा दमानं." सुभेदार म्हणाले, "औषध हाय की."

आठव्या दिवशी ते महिन्याच्या तपासणीला तासगावला गेले. आकडा आला तीन पूर्णांक एक. चोख. राजेश्वरीच्या दुकानात महिन्याच्या गोळ्या घ्यायला गेले तर तिनं ठरल्याप्रमाणं विचारलं.

"काका, दुसरी कुठली गोळी चालू आहे का?"

"न्हाई," सुभेदार म्हणाले. ते खोटं बोलत नसत, आणि त्यांच्या मते आताही बोलले नव्हते.

"चेहरा उतरलाय तुमचा."

"ऊन लय हाय."

ऊन होतंच. त्याच आठवड्यात दाढी करताना हनुवटीला जरा ब्लेड लागलं, तर रक्त थांबायला जेवणाची वेळ झाली. दंडावर एक निळा डाग उठला; सुभेदारांना वाटलं, शेडच्या लोखंडी खांबाला धक्का लागला असेल. शेडच्या पाच पायऱ्या चढताना तिसरीवर थांबावंसं वाटू लागलं. आणि पाचव्या दिवसापासून सकाळी संडासला काळं होत होतं. नुसतं काळं नाही, डांबर ओतल्यासारखं, चिकट.

या शेवटच्या गोष्टीवर सुभेदारांनी नीट विचार केला होता. घरात काळ्या द्राक्षांचे मनुके होते आणि ते रोज सकाळी मूठभर भिजवलेले खात होते. काळं खाल्लं तर काळं जाणार. हिशेब जुळला. कुणाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. बायकोला सांगण्यासारखं तर मुळीच नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात असल्या विषयावर त्यांचं बोलणं झालं नव्हतं.

अकराव्या दिवशी डबा संपत आला.

पुढं काय झालं ते साळूबाईनं नंतर अनेकांना अनेकदा सांगितलं. ती त्या दिवशी किराणा आणायला तासगावला गेली होती. जाताना तिनं रिकामा चंदेरी कागद आणि डब्याचं झाकण पिशवीत टाकलं. म्हटलं, असलंच काही इथं मिळालं तर नाथाजीला पुन्हा पुन्हा सांगायला नको. औषधाच्या दुकानात गर्दी होती. राजेश्वरीनं झाकण हातात घेतलं, बारीक अक्षरं वाचली, आणि हातातलं दुसऱ्या गिऱ्हाइकाचं औषध खाली ठेवलं.

"काकू, हे कोण घेतंय?"

"आमचं मालक. पित्ताला. लय गुण आला बग."

"किती दिवस?"

"जत्रेपासनं."

राजेश्वरीनं गर्दीला सांगितलं, तासाभरानं या. तिनं शटर अर्ध्यावर ओढलं, स्कूटी काढली आणि साळूबाईला मागं बसवलं. स्कूटीवर बसायची साळूबाईची ती पहिलीच वेळ. तिला वाटलं, औषध एवढं दुर्मीळ आहे की ही ते बघायलाच निघालीय.

सुभेदार शेडमध्ये खुर्चीवर बसून निवडणीवर नजर ठेवून होते. समोर बारा बाया मांडी घालून बेदाण्यातल्या काड्या वेचत होत्या. स्कूटी थेट शेडच्या तोंडाशी येऊन थांबली. राजेश्वरी उतरली ती झाकण हातात घेऊनच.

"काका, हे दिवसातून किती घेताय?"

"दुपारी दोन, रातच्याला दोन."

"आणि मी त्या दिवशी विचारलं तर नाही म्हणालात."

"तू गोळी इचारलीस. हे प्यायचं हाय."

राजेश्वरीनं झाकण त्यांच्यापुढं धरलं. मग म्हणाली, "काका, यात ॲस्पिरिन आहे."

ॲस्पिरिन हा शब्द सुभेदारांना ठाऊक होता. मिरजेच्या दवाखान्यानं दिलेल्या छापील कागदावर काय काय टाळायचं त्याची यादी होती, आणि तिच्यात हा शब्द पहिला होता. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी कपाटात ठेवला होता, सहा वर्षं, एकही घडी न पडू देता.

"पण ते तर फसफसतंय," ते म्हणाले.

"फसफसतो तो सोडा. ॲस्पिरिन त्यातच विरघळतं, दिसत नाही. तुमचं रक्त आधीच पातळ, त्यात हे. पोटात रक्त झिरपू शकतं." तिनं आवाज खाली आणला, पण शेड पत्र्याचं होतं. "संडासला काळं होतंय का?"

बारा जणींचे हात थांबले.

सुभेदार घार्गे दोन सीमांवर राहून आलेले होते. प्रश्न विचारला गेला की उत्तर द्यायचं, हे हाडात होतं.

"व्हय."

"कधीपासून?"

"सात दिस."

"चिकट? डांबरासारखं?"

"व्हय. पण ते मनुक्यामुळं हाय."

"काका, उठा. मिरजेला जायचं. आत्ता."

"फाईल घेतो," सुभेदार म्हणाले आणि ताठ उभे राहिले. उभे राहिले तेवढंच. त्यांचा चेहरा शेडच्या जाळीसारखा पांढरा झाला, आणि पुढं पाऊल टाकायच्या आत ते बेदाण्याच्या ढिगावर बसले, सावकाश, जणू तिथंच बसायचं ठरवलं होतं.

मुलगा वीरधवल गाडी घेऊन आला. सुभेदारांना मागच्या सीटवर आडवं केलं. राजेश्वरीनं फोनवरून दवाखान्याला आधीच सांगून ठेवलं — धातूची झडप, रक्त पातळ करायची गोळी, वर अकरा दिवस ॲस्पिरिन, सात दिवस काळं. तिनं झाकण आणि कागद वीरधवलच्या खिशात कोंबले. "हे डॉक्टरांच्या हातात दे. तोंडी सांगू नकोस, हेच दे."

तासभराच्या वाटेत साळूबाई एक शब्द बोलली नाही. सुभेदारांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. त्यांनी दोनदा डोळे उघडून वर पाहिलं. दोन्ही वेळा ती खिडकीबाहेर बघत होती.

दवाखान्यात त्यांना ज्या डॉक्टरनं हातात घेतलं तो तीस-बत्तीस वर्षांचा होता. सुभेदारांनी त्याला वय विचारलं नाही. हिमोग्लोबिन साडेसहावर आलं होतं. रात्रीपर्यंत रक्ताच्या दोन बाटल्या चढल्या. दुसऱ्या दिवशी दुर्बीण घालून पाहिलं तर पोटाच्या अस्तराला ठिकठिकाणी सोललं होतं आणि एका जागी जखम होऊन तिथून झिरपत होतं. ती जागा आतल्या आत बंद केली. रक्त पातळ करायची गोळी काही दिवस थांबवली. पण झडप धातूची, तिला उघड्यावर सोडून चालत नाही, म्हणून रक्तस्राव थांबल्यावर दुसरं इंजेक्शन मोजून-मापून चालू केलं. गोळी बंद ठेवली तर गुठळीचं भय, चालू ठेवली तर रक्ताचं. तरुण डॉक्टर दिवसातून चार वेळा येऊन बघून जाई, आणि एकदाही घाईत दिसला नाही.

पाचव्या दिवशी मोठे डॉक्टर परदेशातून आले. ते पलंगाशेजारी बसले आणि डब्याचं झाकण त्यांनी चादरीवर ठेवलं.

"सुभेदार, मी काय सांगितलं होतं? विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही."

"इचारलं हुतं, साहेब."

"कोणाला?"

"मेव्हण्याला."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "मेव्हणे काय करतात?"

"सोनं गाळत्यात."

मग सुभेदार म्हणाले, "पण साहेब, आकडा बरोबर हुता. आठव्या दिवशी तीन पूर्णांक एक. हितं आलो तवा तीन पूर्णांक तीन."

"तिथंच फसलात. हे बघा, रक्त थांबवायला शरीरात दोन पलटणी असतात. तुमच्या सात वाजताच्या गोळीनं एक पलटण आपण मुद्दाम सुट्टीवर पाठवलेली आहे. या ॲस्पिरिननं दुसरीही पाठवली. आणि तुमचा तो आकडा फक्त पहिल्या पलटणीची हजेरी सांगतो."

सुभेदारांनी डोळे मिटून हे डोक्यात बसवलं. सहा वर्षांत डॉक्टरांचं समजावणं त्यांनी पहिल्यांदाच ऐकून घेतलं असेल.

"म्हंजे चौकीवर कोणीच न्हवतं," ते म्हणाले.

"कोणीच नव्हतं. शिवाय त्या औषधानं पोटाचं अस्तरही सोलून काढलं."

"मग पित्ताला औषधच न्हाई का आमाला?"

"आहे की. तुम्ही जळजळ सोसत बसावं असं कोणी म्हटलं? पण कोणतं औषध, ते आम्ही ठरवणार." डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. सकाळी न्याहारीच्या अर्धा तास आधी एक गोळी, तुमच्या गोळीशी नांदणारी. तरी नवी गोळी सुरू केली की आठवड्यात रक्त तपासायचं, महिन्यानं नाही. रात्रीचं जेवण आठच्या आत, जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही, पलंगाच्या उशाकडचे पाय विटेवर. "आणि छातीत जळताना घाम फुटला, दुखणं हाताकडं किंवा जबड्याकडं सरकलं, तर पित्त पित्त करत बसायचं नाही. सरळ इकडं."

"आनि इचारायचं ते..."

"मला. मी नसलो तर हे माझे सहकारी, ज्यांनी तुमचा जीव वाचवला. तेही नसतील तर तासगावची ती मुलगी. या तिघांत मेव्हणे नाहीत."

"व्हय साहेब."

मेव्हणा त्याच संध्याकाळी कोइमतूरहून आला. दोन दिवसांचा प्रवास करून, कपडे चुरगळलेले, हातात नारळपाण्याची पिशवी. तो पलंगाच्या पायाशी उभा राहिला आणि रडायला लागला. पंचावन्न वर्षांचा माणूस, गळ्यात साखळी, वॉर्डभर ऐकू जाईल असा रडला.

"दाजी, माझ्या हातनं मराय लागला हुता तुमी."

"मेलो न्हाई," सुभेदार म्हणाले. "बस."

नाथाजी बसला. मग त्यानं सांगितलं, की बातमी कळल्यावर त्यानं पप्पूला फोन करून शिव्या दिल्या. पप्पू म्हणाला, पपा, डब्यावर छापलंय, रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरला विचारा म्हणून. मी पाठवताना म्हटलं होतं, वाचून घ्या. नाथाजी म्हणाला होता, वाचतो. डबा सहा महिने उशाशी होता आणि त्यानं वाचलेलं फक्त नाव.

"तुला बीपीची गोळी हाय न्हवं?" सुभेदारांनी विचारलं.

"हाय."

"त्या फसफशीत मीठ किती जातंय ते इचार की तरुण डाक्टरला. मी इचारलंय. तुला बी ते बरं न्हाई."

नाथाजीनं डोळे पुसले आणि तरुण डॉक्टरच्या खोलीकडं गेला. परत आला तो चिठ्ठी घेऊन आणि खूप गंभीर होऊन.

साळूबाई मात्र अजून बोलत नव्हती. ती चहा देई, पाठ पुसे, चादर नीट करी, आणि नर्सशी बोले. आठव्या दिवशी घरी सोडायच्या आधी सुभेदारांनी तिला विचारलं, "तुझं काय बिनसलंय?"

ती जेवणाच्या डब्याचं टोपण लावत होती. ते लावून झाल्यावर म्हणाली, "सात दिस काळं जातंय. बारा बायास्नी ठावं झालं, त्या पोरीला ठावं झालं. मला न्हाई."

"तू इचारलं न्हाईस."

"आसं व्हय," साळूबाई म्हणाली. "मग आता इचारीन."

आणि तिनं शब्द पाळला. घरी आल्यापासून रोज सकाळी सुभेदार मागच्या दारानं अंगणात आले की ती चुलीपुढून खणखणीत विचारायची, "आवं, रंग?" शेजारच्या अंगणात माणसं असत. सून रेश्मा पाणी तापवत असे. पहिल्या दिवशी सुभेदारांना कानकोंडं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घसा खाकरला. तिसऱ्या दिवशी ते अंगणाच्या मध्यावर थांबून म्हणाले, "पिवळा." त्यानंतर तो रोजचा रिपोर्ट झाला. दंडावर डाग दिसला, हिरडीतून रक्त आलं, तरी तेही आपणहून सांगू लागले, आणि एकदा डोक्यात साधी पुटकुळी आली तर तीही.

राजेश्वरीच्या दुकानात ते पुढच्या आठवड्यात गेले. खिशात कागद होता. त्यावर घरात येणारं सगळं त्यांनी ओळीनं लिहून काढलं होतं, गोळी असो, काढा असो, बाम असो की ज्येष्ठमध. राजेश्वरीनं पेन घेऊन एकेकावर खूण केली. हे चालेल. हे नाही. हे घेतलं तर सकाळच्या गोळीनंतर दोन तासांनी. ज्येष्ठमध नाही. तिला वीस मिनिटं लागली. सुभेदार उभे होते, आणि मागं गिऱ्हाइकं खोळंबली होती. एकानं कुरकुर केली तर सुभेदार मागं वळले.

"तपासणी चालू हाय," ते म्हणाले. "थांबा."

कागद खिशात घालताना ते काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलंही. पण आभार मानायची त्यांना सवय नव्हती आणि शब्द जुळेनात. ते म्हणाले, "तुझं वडील बी चांगलं हुतं," आणि पायऱ्या उतरले.

दीड महिन्यानं मिरजेला दाखवायचं होतं. गाडी वीरधवलकडं होती म्हणून दोघं एसटीनं गेली. हिमोग्लोबिन अकरावर आलं होतं, आकडा तीन. मोठ्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, झडप ऐकली आणि ठीक म्हणाले. तरुण डॉक्टर बाहेर भेटला. सुभेदारांनी त्याला टाचा जुळवून नमस्कार केला. त्यानं घाबरून परत केला.

परतीला सांगलीहून विटा गाडी मिळाली, दोन जागा मिळाल्या. तासगाव सुटेपर्यंत साळूबाई बोलत होती. शेडचं, रेश्माचं, नाथाजीनं सोडलेल्या चहाचं. मग बोलता बोलता तिचा डोळा लागला आणि डोकं सुभेदारांच्या खांद्यावर आलं. दवाखान्याच्या सात रात्री ती लोखंडी स्टुलावर बसून होती, हे त्यांना माहीत होतं. त्यानंतर बेदाण्याची निवडणही तिनंच उरकली होती.

गावचा फाटा आला. कंडक्टरनं घंटी मारली. तो ओळखीचा होता.

"सुभेदार, फाटा आला. उतरताय न्हवं?"

सुभेदारांनी त्याच्याकडं पाहिलं आणि मानेनंच नाही म्हटलं. कंडक्टरला कळेना. त्यांनी डोळ्यांनी खांद्याकडं दाखवलं. कंडक्टरनं परत घंटी मारली आणि गाडी हलली.

पुढच्या थांब्याला साळूबाई धक्क्यानं जागी झाली. बाहेर पाहिलं, परत पाहिलं.

"आवं, हे कुठलं गाव? आपला फाटा गेला की!"

"व्हय."

"आनि तुमी बसूनच ऱ्हायला? मला उठवायचं न्हाई?"

"तू झोपली हुतीस."

उतरून मागं यायला अडीच किलोमीटर होते. उन्हं कलली होती. साळूबाई अर्ध्या वाटेपर्यंत बोलत राहिली, की माणसाला एवढी अक्कल नसावी, हातात पिशवी, पायात ही असली चप्पल. सुभेदारांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. तिनं सोडली नाही. मग दोघांनी एकेक बंद धरला आणि तशीच चालत राहिली.